सुनीती सुगरण नव्हती

सुनीती गेल्याची बातमी मला आमच्या इथल्या, आयर्लंडमधल्या, मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळली. वर कोणीतरी बाबागाडी विकायला काढली होती, खाली कोणीतरी लिमरिकमध्ये ताजा कढीपत्ता कुठे मिळेल असं विचारत होतं, आणि मध्ये हात जोडलेल्या चित्रांची रांग. तिचा नवरा मिलिंद तेव्हा हॉस्पिटलच्या अतिदक्षता विभागाबाहेर उभा होता. मेंदूतली रक्तवाहिनी फुटून ती सकाळी कोसळली होती, दुपारी संपलं होतं. गॉलवेहून निघालेल्या लेकीला हे वाटेत फोनवर सांगायचं की ती पोचल्यावर, एवढंही त्याचं ठरलं नव्हतं. पण त्याच हॉस्पिटलात काम करणारे आमच्या मंडळाचे अध्यक्ष डॉक्टर साठे यांना तेवढा धीर नव्हता. मी शॅननला कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये होते. डबा बंद केला, कोणाला काय कळवायचं आणि मिलिंदकडे काय न्यायचं याची यादी केली, आणि मग रडले. माझा क्रम असाच असतो. सुनीती असती तर म्हणाली असती, "बरोबर क्रम आहे."

दहा दिवसांनी मंडळानं शोकसभा ठेवली. हॉल मीच ठरवला, खुर्च्या मीच मांडल्या, कारण मी मंडळाची चिटणीस आहे. एकामागून एक माणसं उठली आणि बोलली. सुनीतीताई म्हणजे अन्नपूर्णा. सुनीतीताईंच्या हातच्या पुरणपोळ्या. सुनीतीताईंचं हसतमुख स्वागत. मी ऐकत राहिले. त्या पुरणपोळ्या एनिसला राहणाऱ्या एका कोल्हापूरच्या बाई करायच्या. ऑर्डर मी द्यायचे, सुनीती जाऊन आणायची. तिच्या स्वतःच्या स्वयंपाकघरात कणकेचा डबा कुठे असतो हे तिला मिलिंदला विचारावं लागायचं. शेवटी डॉक्टर साठे उठले. म्हणाले, दरवर्षी मंडळातर्फे सुनीतीताई स्मृती पाककला स्पर्धा घेऊ, करंडक मी देतो. टाळ्या झाल्या... शोकसभेत टाळ्या. मग त्यांनी आवाज खाली आणला. "आणि एक गोष्ट विसरून चालणार नाही. लेकीची बारावी आली, तेव्हा या माउलीनं एवढ्या मोठ्या नोकरीवर पाणी सोडलं. ह्याला म्हणतात आई." पुढच्या रांगेत बसलेल्या ईशानं, त्या लेकीनं, मान खाली घातली. नंतर सभा संपेपर्यंत ती वर झाली नाही. ते मला दिसलं. बाकीच्यांना वाटलं, पोर रडते आहे.

म्हणून हा लेख. सुनीतीबद्दल चांगलं लिहायला नाही, खरं लिहायला.

सुनीती एका आयुर्विमा कंपनीची मुख्य अ‍ॅक्च्युअरी होती. मराठीत विमागणिती म्हणतात, पण तो शब्द ऐकून कोणालाच काही कळत नाही, आणि अ‍ॅक्च्युअरी ऐकूनही कळत नाही. मंडळातल्या निम्म्या लोकांना ती पॉलिसी विकते असंच वाटायचं. "वहिनी, आमच्यासाठी एखादी चांगली स्कीम बघा ना!" ती म्हणायची, "मी विकत नाही. जे विकलंय त्याचे पैसे द्यायला कंपनीकडे शेवटच्या माणसापर्यंत पुरेल का, ते मी सांगते. पुरणार नसेल तर ओरडते." मूळची सांगलीची, संख्याशास्त्र पुण्यात, मग मुंबईत नोकरी. या कामाच्या परीक्षा म्हणजे एकामागून एक पेपर, वर्षानुवर्षं, नोकरी सांभाळून. शेवटचे पेपर तिनं ईशाला मांडीवर घेऊन अभ्यास करत दिले. सगळे सुटले तेव्हा सासूबाईंनी पेढे वाटले आणि शेजारी सांगितलं, सून बँकेतल्या कसल्याशा परीक्षेत पास झाली. मग ही मंडळी आयर्लंडला आली, आणि दोन हजार पंधरा साली ती गॉलवेच्या त्या कंपनीत या पदावर पोचली. त्या दिवाळीत डॉक्टर साठ्यांनी माइकवरून अभिनंदन केलं. कोणाचं? मिलिंदचं. "वहिनींना एवढी मोकळीक द्यायची म्हणजे मोठं मन लागतं." सुनीती खुर्चीतूनच म्हणाली, "हो ना, साखळी बरीच लांब ठेवलीये त्यानं." सगळे हसले. ती हसली नव्हती, हे माझ्याशिवाय कोणी पाहिलं नाही.

आमची मैत्री गाडीत झाली. दोघी लिमरिकच्या. तिला गॉलवेला जायचं असायचं, मला वाटेवरच्या शॅननला. आमच्याकडे तेव्हा एकच गाडी होती आणि ती नवरा न्यायचा. दोन हजार चौदाच्या शरद ऋतूत तिनं मला पहिल्यांदा गाडीत घेतलं, आणि पुढची साडेतीन वर्षं ती मला तिथल्या औद्योगिक वसाहतीच्या गेटवर सोडून पुढे जात राहिली. गाडीत स्थानिक रेडिओ लागलेला असायचा. इथे सकाळी रेडिओवर निधनवार्ता वाचतात. अमुक गावची अमुक, अमुकची पत्नी, शांतपणे, घरी, आपल्या माणसांत. दर्शन कधी, चर्चमध्ये कधी. पहिल्या दिवशी मी म्हटलं, "अगं बाई, सकाळी सकाळी हे काय? बंद कर."

"हात लावू नकोस. मधेच बंद करायचं नाही. यादी संपली की तुला हवं ते लाव."

"तुला ऑफिसात पुरत नाही का मरण?"

"ऑफिसात मरण नसतं गं. ऑफिसात तक्ता असतो. त्या तक्त्यात ही म्हातारी शून्य पूर्णांक काहीतरी असते. इथे तिला गाव असतं, नातवंडं असतात. दिवसातून एकदा ऐकलेलं बरं."

तिच्या मागे किती जणांनी मला ऐकवलं, की दुसऱ्यांच्या मरणाचा हिशेब मांडणारीला स्वतःचा मांडता आला नाही. हे वाक्य ज्यांना सुचलं त्यांना ते फार हुशारीचं वाटलं असावं. तिनं कधीच असा दावा केला नव्हता. उलट ती म्हणायची, एका माणसाबद्दल मला विचाराल तर मला काही म्हणजे काही सांगता येत नाही. लाखभर माणसं आणा, मग बोलू. तिच्या विद्येची ही पहिलीच पायरी. ती समजून न घेता विनोद करायला मात्र सगळे पुढे.

तिच्या कामाची एक रीत होती, आणि ती मला मंडळाच्या गणपतीमुळे कळली. जेवणाला किती माणसं धरायची हा दरवर्षीचा घोळ. माझी यादी तयार असायची. मी यादीशिवाय दूधही आणत नाही. सुनीती म्हणाली, "तुझी यादी मला दाखवू नकोस. मी माझी वेगळी करते. मग शेजारी ठेवू." ठेवल्या. जुळल्या नाहीत. मी नावनोंदणी मोजली होती. तिनं उन्हाळ्यात भारतातून आलेले आईवडील धरले होते, आणि "येतो" सांगून न येणारे विद्यार्थी वजा केले होते. तासभर वाद घालून आम्ही तिसऱ्याच आकड्यावर आलो, आणि त्या वर्षी पहिल्यांदा भात उरला नाही आणि कमीही पडला नाही. पुढच्या वर्षी घाई होती, म्हणून मी तिच्या कागदावर हळूच नजर टाकली आणि माझा आकडा सारखा केला. तिनं दोन्ही कागद पाहिले आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "चोरटे!"

"कशावरून?"

"दोन माणसांनी खरंच वेगवेगळं केलं तर थोडं तरी चुकतं. एवढं तंतोतंत जुळलं की समजायचं, कोणीतरी बघून लिहिलंय."

कंपनीतही तिचा हाच नियम होता. महत्त्वाचं गणित दोन गटांनी करायचं, एकमेकांचं न बघता. मग शेजारी ठेवायचं, फरक कुठे पडला ते शोधायचं. वेळ लागतो, माणसं लागतात. दोन हजार सतरामध्ये कंपनीत नवा प्रमुख आला, आणि त्याला वेळही नको होता आणि माणसंही. सुनीती त्याचं नाव घ्यायची नाही. इथले लोक 'तो बाबा' म्हणावं तसं 'युवर मॅन' म्हणतात, तसंच ती म्हणायची. "युवर मॅन आज म्हणाला, सुनीती, यू वरी टू मच. मी म्हटलं, मला पगार त्याचाच मिळतो."

भांडण कशावरून झालं ते मी सोपं करून सांगते, कारण तिनंही मला सोपं करूनच सांगितलं होतं. कंपनीच्या काही जुन्या पॉलिसी होत्या. चाळिशीतल्या माणसांनी कधीकाळी घेतलेल्या: आयुष्यभर हप्ता भरायचा, गेल्यावर घरच्यांना रक्कम. आपल्या दफनाचा खर्च पोरांवर पडू नये, याला इथली जुनी माणसं फार जपतात. त्यासाठीच कित्येकांनी त्या घेतल्या होत्या. पण बारीक अक्षरात एक कलम होतं, की कंपनी अधूनमधून हप्ता वाढवू शकेल. आता ती माणसं सत्तरीच्या, ऐंशीच्या पुढे गेली होती. युवर मॅनची योजना अशी की हप्ता एकदम एवढा चढवायचा, की बऱ्याच जणांना पेलणारच नाही. ते पॉलिसी सोडतील. सोडली की हातात काही नाही, इतक्या वर्षांचं भरलेलं कंपनीचं. आणि ते सोडणारच असं आधीच धरून त्यांच्यासाठी बाजूला ठेवलेले पैसे आत्ताच मोकळे करायचे.

"हे कायद्यात बसतं?" मी विचारलं.

"कलमात बसतं. गणितातही बसवतील. म्हणून तर राग येतोय." तिचे हात स्टिअरिंगवर घट्ट होते. "अगं, आम्ही माणसं कधी जातील याचा अंदाज बांधायचा असतो. हे ती कधी हरतील यावर पैज लावतायत. आणि तीही ऐंशी वर्षांच्या बायकांशी."

पण कंपनीनं ठेवलेले पैसे पुरेसे आहेत, असं मुख्य अ‍ॅक्च्युअरीला दरवर्षी लेखी सांगावं लागतं. त्याखाली सही तिची एकटीची. दोन हजार अठराच्या वसंतात ते कागद तिच्यासमोर आले. किती लोक पॉलिसी सोडतील याचे दोन अंदाज, दोन गटांचे, वेगवेगळे केलेले. निदान तसं वर लिहिलेलं. आणि दोन्ही अंदाज शेवटच्या आकड्यापर्यंत सारखे! तिनं दुसऱ्या गटातल्या मुलीला बोलावून विचारलं. मुलीनं खाली बघत सांगितलं, पहिल्या गटाचं उत्तर वरूनच पाठवलं होतं, एवढंच यायला पाहिजे म्हणून. ज्या चोरीसाठी तिनं मला गणपतीच्या भातावरून हसत पकडलं होतं, तीच चोरी तिथे कोट-टायमधल्या माणसांनी केली होती, आणि कोणालाही लाज वाटत नव्हती.

त्या दिवशी परतताना ती मला घ्यायला गेटवर आली. पाऊस होता. मी दार उघडून आत बसले तर रेडिओ बंद. ती समोर बघत म्हणाली, "मी सही केली नाही, नीता."

पुढचं तुम्हाला ओळखू येईल. तिला काढलं नाही; अशा जागेवरच्या माणसाला काढत नाहीत, त्याला 'जायचं ठरवायला' लावतात. वकील आले. झाल्या गोष्टींबद्दल कुठेही बोलणार नाही, असा करार झाला. जिनं ती सही केली नाही, तिनं ही केली. मी भांडले तिच्याशी. म्हटलं, "पेपरात दे. नियामकाकडे जा." ती म्हणाली, नियामकाला जे सांगायचं ते कर्तव्य म्हणून आधीच सांगितलंय, ते बघून घेतील, पण ईशाची परीक्षा तोंडावर आहे आणि घरात वकिलांचे फोन नकोत. शेवटच्या दिवशी ऑफिसात सँडविचचा ट्रे, फुलांचा गुच्छ, आणि सगळ्यांना ईमेल: कुटुंबाला अधिक वेळ देण्यासाठी सुनीती पद सोडत आहे. मिलिंदनं ते वाचलं आणि म्हणाला, "कुठलं कुटुंब? आम्हाला कोणी विचारलं?" पण नंतर त्यानंही लोकांना तेच सांगितलं, कारण करार होता. मंडळाला तर ते फारच आवडलं. शेवटी सुनीती त्यांना समजेल अशी वागली होती.

याचा मला अजून संताप आहे. एका बाजूला कंपनी, एका बाजूला आपली माणसं. एकमेकांना ओळखतसुद्धा नाहीत, आणि दोघांनी अगदी एकच खोटं सांगितलं. इतकं तंतोतंत जुळलेलं. आणि मला तिचाही राग आहे. पुढचे नऊ-दहा महिने तिनं घरी बसून दोन विद्यार्थ्यांना परीक्षेसाठी शिकवलं, बाग केली, वाईट केली, आणि गप्प राहिली. लोक म्हणाले, किती समाधानी दिसते. ती समाधानी नव्हती. ती करार पाळत होती. तो करार तिनं केला होता, मी केलेला नाही. तेव्हा मी बोलणार.

सभेनंतरच्या आठवड्यात कमिटीच्या बैठकीत मी सांगितलं की पाककला करंडक होणार नाही. डॉक्टर साठे म्हणाले, "नीताताई, भावना समजून घ्या. मग काय गणिताची स्पर्धा ठेवायची?"

"ठेवा."

"येणार कोण?"

"कोणी नाही आलं तर रिकाम्या खुर्च्या मी मांडीन. मला सवय आहे."

विषय पुढच्या बैठकीवर ढकलला गेला. ढकलू दे. करंडक काही मोठा नव्हता. मला झोप लागत नव्हती ती ईशाच्या खाली घातलेल्या मानेमुळे.

ईशा गॉलवेला पहिल्या वर्षाला आहे. इथेच वाढलेली, मराठी सगळं समजतं, उत्तर येतं ते इंग्रजीत, तेही इथल्या हेलात. सोमवारी सकाळी ती आईची गाडी घेऊन लिमरिकहून निघते. मागच्या महिन्यात माझी गाडी गॅरेजमध्ये होती, तर तिनंच फोन केला, "मावशी, आय'ल ड्रॉप यू." मी नेहमीच्या जागेवर बसले. पुढच्या खणात सुनीतीचे हातमोजे तसेच. शहर सुटल्यावर ती म्हणाली, तेही रस्त्यावरची नजर न काढता, "मावशी, टेल मी ट्रूली. डिड शी गिव्ह इट अप बिकॉज ऑफ मी?"

माझ्या जिभेवर सगळं तयार होतं, क्रमवार. आणि मग वाटलं, मी सांगितलं की हिला माझं उत्तर मिळेल आणि ती ते आपलं म्हणून बाळगेल. सभेतल्या लोकांनी दिलं तेही तिनं तसंच घेतलं होतं. मी म्हटलं, "आधी तू सांग. मी काही बोलणार नाही. त्या वसंतातलं आईचं तुला जे आठवतं ते सांग. कोणी सांगितलेलं नको. तू पाहिलेलं."

तिनं गाडीचा वेग कमी केला. मग एकेक आठवू लागली. आई संध्याकाळी आली होती. बाहेर कोरडं होतं, ऊन होतं, कारण ईशाला टेबलावर वही ऊन लागतं म्हणून सरकवावी लागली होती. आईनं कोट काढला नाही. राखाडी कोट. ओट्याला टेकून उभी राहिली आणि मराठीत म्हणाली... आणि इथे ईशानं ते वाक्य मराठीतच उच्चारलं, अडखळत, "सही नाही केली मी." ईशाला वाटलं, शाळेचा कसलातरी फॉर्म राहिला. "सो आय सेड, ग्रँड, मॅम. नो बॉदर." ठीक आहे गं आई, काही हरकत नाही. आणि आई हसली, तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि वर गेली.

"दॅट्स ऑल आय हॅव," ईशा म्हणाली.

माझ्या आठवणीत पाऊस होता, तिच्या आठवणीत ऊन. मी कोट निळा सांगितला असता. वाक्यातले शब्दही मागेपुढे. जसे व्हायला हवेत तसे. आम्ही एकमेकींचं बघून लिहिलेलं नव्हतं.

मग मी तिला माझ्याकडचं सगळं सांगितलं. म्हाताऱ्या बायका, सारखे आलेले आकडे, करार, सगळं. शॅननच्या वळणाला गाडी आत घेताना तिनं गाल मनगटानं पुसले आणि म्हणाली, "अँड आय टोल्ड हर इट वॉज ग्रँड."

"होतंच ते," मी म्हटलं. "त्या दिवशी तिला तसं म्हणणारी तू एकटी होतीस."

गेटपाशी तिनं गाडी थांबवली. बोलण्यामुळे आवाज बारीक केला होता, पण रेडिओ चालूच होता, आईच्याच स्टेशनवर, आणि निधनवार्ता नुकत्याच सुरू झाल्या होत्या. फेब्रुवारीत याच यादीत निवेदिकेनं सुनीतीचं आडनाव पार मोडून टाकलं होतं, पण 'मूळची सांगली, भारत' हे मात्र नीट म्हटलं होतं. मी सवयीनं बटणाकडे हात नेला. ईशानं माझा हात बाजूला केला.

"मधेच नाही, मावशी," ती मराठीत म्हणाली, आणि आवाज वाढवला.

मागे कारखान्याचा ट्रक हॉर्न देत होता. दिला तर दिला. आम्ही यादी संपेपर्यंत बसून राहिलो.